गुडघ्याची गोळी: पान उलटा, मागचं नाव वाचा

"दोन गुडघ्याच्या द्या." नाशिकच्या पंचवटीतल्या कुठल्याही मेडिकलसमोर संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहा, हे वाक्य कानावर येतंच. कधी "ती लांबट पिवळी", कधी "मागच्या वेळची", कधी नुसतंच "कंबरेची". दुकानदार कात्रीने पानाचा तुकडा कापतो, घेणारा तो खिशात टाकतो. कापताना नाव आणि मुदत छापलेला भाग बऱ्याचदा दुकानातच राहतो. घरी पोचल्यावर ती गोळी कसली, ताकद किती, कधीपर्यंत चालेल, हे सांगायला कोणी उरत नाही. सांधेदुखीच्या औषधाने होणाऱ्या नुकसानाची सुरुवात बरेचदा या कात्रीपासून होते.

औषधं वाईट नाहीत. गाउटने (युरिक ॲसिड साचून होणाऱ्या सांधेदुखीने) रात्रीत टम्म फुगलेला पायाचा अंगठा असो, आमवाताने सुजलेली बोटं असोत की द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीत दिवसभर कात्री चालवून धरलेलं मनगट, सूज उतरवणारी गोळी तिथे खरंच काम करते. पण तीच गोळी पस्तिशीतल्या, धडधाकट, भरपूर पाणी पिणाऱ्या माणसाला पाच दिवस बिनघोर चालते आणि अडुसष्ट वर्षांच्या, बीपीच्या दोन गोळ्या घेणाऱ्या आजींना त्याच पाच दिवसांत दवाखान्यात पोचवते. म्हणून "ही गोळी चांगली का?" या प्रश्नाला तसा अर्थ नाही. तुमच्या औषधांच्या डब्यात आधीपासून काय आहे, ते आधी बघावं लागतं.

पानावर काय लिहिलंय

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं. ते विसरा. पान उलटं करा, बारीक अक्षरात जे लिहिलंय ते औषध. उदाहरणार्थ झिरोडॉल-पीच्या मागे ॲसिक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असं सापडेल. कॉम्बिफ्लॅमच्या मागे आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. डोलो ६५० मध्ये नुसतं पॅरासिटामॉल.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब, सेलेकॉक्सिब, पायरॉक्सिकॅम, इंडोमेथासिन, किटोरोलॅक, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड ही सगळी एकाच घराण्यातली. सूज आणि दुखणं दोन्ही कमी करतात, आणि त्यांचे त्रासही साधारण सारखेच. पॅरासिटामॉल या घराण्यातलं नाही. ते दुखणं आणि ताप कमी करतं, सूज उतरवत नाही. पोटावर आणि किडनीवर त्याचा भार बराच कमी पडतो, त्याची खरी भीती यकृताला, तीही जास्त डोसमध्ये.

नियम एकच: या घराण्यातली एका वेळी एकच गोळी. दोन घेतल्या तर आराम दुप्पट होत नाही, कारण एका मर्यादेनंतर वेदना आणखी कमी होत नाही. त्रास मात्र वाढत जातो. आणि घोळ होतो तो नेमका मिश्रणांमुळे. समजा सकाळ-संध्याकाळ झिरोडॉल-पी चालू आहे, पाठ जास्तच दुखली म्हणून त्यात दोनदा कॉम्बिफ्लॅम, शिवाय कणकण वाटली म्हणून तीनदा डोलो ६५०. घेणाऱ्याच्या हिशेबी या तीन वेगवेगळ्या गोळ्या. प्रत्यक्षात सूज उतरवणारी दोन औषधं एकमेकांवर चढली आणि पॅरासिटामॉल झालं ६५० अधिक ६५० अधिक १९५०, म्हणजे दिवसाला ३२५० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची कमाल मर्यादा ४००० आहे, पण अंगाने बारीक, वयस्कर किंवा रोज दारू घेणाऱ्याला ती २००० ते ३००० च्या आतच ठेवावी लागते.

पानावर लिहिलेलं इंग्रजी वाचता येत नसेल तर दुकानदाराला सांगून डबीवर मराठीत औषधाचं नाव लिहून घ्या, किंवा पुऱ्या पानाचा मागच्या बाजूने फोटो काढून ठेवा. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅकच्या पानावर कडेला उभी लाल रेघ असते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये, असा तिचा अर्थ. ती रेघ किती पाळली जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

निमेसुलाइडबद्दल एवढंच: १२ वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे आणि १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ताकदीच्या साध्या गोळ्यांवर डिसेंबर २०२५ मध्ये बंदी आली. कारण यकृत. घरात जुनी पानं पडून असतील तर टाकून द्या. याहून बरे पर्याय असताना हे औषध निवडावं असं काही कारण दिसत नाही.

आत गेल्यावर काय होतं

शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं जागच्या जागी तयार होतात. सांध्यात तयार झाली की सूज, लाली, ठणका. सूज उतरवणारी औषधं ही रसायनं बनवणारं यंत्रच बंद पाडतात. ॲस्पिरिनचं हे गुपित शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये उलगडलं, त्यासाठी १९८२ चं नोबेल मिळालं. अडचण अशी की हीच रसायनं पोटात आम्लापासून बचाव करणारा चिकट थर टिकवतात आणि किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवतात. गोळीला गुडघा आणि जठर यांतला फरक कळत नाही. रक्तातून ती सगळीकडे जाते.

यावरून एक गैरसमज निकालात निघतो. "सुई घेतली म्हणजे पोटाला त्रास नाही." अजिबात नाही. औषध कमरेतून टोचलं तरी रक्तात मिसळतं आणि रक्तातूनच जठराचा तो थर पातळ करतं. जेवणानंतर गोळी घेतल्याने मळमळ, जळजळ कमी होते हे खरं, म्हणून जेवणानंतरच घ्यावी. पण जेवणामुळे अल्सर टळतो असं नाही. डायक्लोफिनॅकची सुई दोन दिवसांच्या पलीकडे घ्यायची नसते. चुकीच्या जागी टोचली तर पायाची शीर दुखावते, कधी तिथलं मांस सडतं. रोज एक याप्रमाणे आठवडाभर कोणी टोचत असेल तर दवाखाना बदला.

दुसरा गैरसमज जास्त धोक्याचा: "मला जळजळ होत नाही, म्हणजे पोट ठीक आहे." वयस्कर माणसात अल्सर कित्येकदा मुळीच दुखत नाही, कारण दुखणं दाबणारं औषध पोटात आहेच. पहिली खूण थेट रक्तस्रावाची असते. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं होतं. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, पण ते असं चिकट नसतं आणि तो वास येत नाही. उलटीत चहाच्या चोथ्यासारखं काही पडलं, उठल्यावर अंधारी आली, तर सकाळची वाट बघायची नाही.

वय ६५ च्या पुढे, पूर्वी अल्सर झालेला, रक्त पातळ करणारी गोळी चालू (क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, ॲसिट्रोम, रिव्हारोक्साबॅन, ॲपिक्साबॅन), स्टेरॉइड चालू, किंवा नैराश्यासाठी एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिनसारखी गोळी चालू. यातलं एकही असेल तर पोटाचं संरक्षण सोबत लागतं. यातली दोन असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर बहुतेक वेळा सूज उतरवणारी गोळी टाळलेलीच बरी. संरक्षण म्हणजे पॅन्टोप्रॅझोल ४० किंवा ओमेप्रॅझोल २०, सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. जळजळ झाल्यावर घेतलेलं पांढरं सिरप किंवा फसफसणारी पावडर तेवढ्यापुरती आग विझवते, अल्सर अडवत नाही. आणि पॅन्टोप्रॅझोल पोट सांभाळतं, किडनी किंवा हृदय नाही. "सोबत ॲसिडिटीची दिलीय, आता वर्षभर चालेल" हा हिशेब तिथेच चुकतो.

हृदयविकारासाठी रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी आयब्युप्रोफेनपासून लांब राहावं. ॲस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेटवर ज्या जागी बसतं, तीच जागा आयब्युप्रोफेन आधी अडवून ठेवतं आणि ॲस्पिरिन वाया जातं. साध्या ॲस्पिरिनसाठी अंतर पाळता येतं: ॲस्पिरिननंतर किमान अर्ध्या तासाने आयब्युप्रोफेन, किंवा ॲस्पिरिनच्या आठ तास आधी. पण आपल्याकडे मिळणाऱ्या कोटिंगच्या ॲस्पिरिनला हे गणित भरवशाने लागू पडत नाही. तेव्हा डॉक्टरांकडून दुसरं औषध घेतलेलं बरं.

ठिबकचा फिल्टर आणि किडनी

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला किडनी समजावायला फार वेळ लागत नाही. ठिबकचा फिल्टर डोळ्यांसमोर आणा. मोटार पाणी ढकलते, फिल्टरमध्ये शिरताना एक व्हॉल्व्ह, बाहेर पडताना एक व्हॉल्व्ह, मध्ये प्रेशर दाखवणारं गेज. फिल्टर चालायला गेजवर ठरावीक दाब लागतो. दाब पडला की मोटारीचा आवाज तोच राहतो, पण शेवटच्या ओळीचे ड्रिपर थेंब टाकेनासे होतात.

प्रत्येक किडनीत असे सुमारे दहा लाख बारीक फिल्टर आहेत. आत शिरणारा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिनचं. बाहेरचा व्हॉल्व्ह थोडा आवळून दाब धरून ठेवायचं काम अँजिओटेन्सिनचं. आता औषधं बघा. सूज उतरवणारी गोळी आतला व्हॉल्व्ह अर्धा बंद करते. बीपीची 'सार्टन' किंवा 'प्रिल'ने संपणारी गोळी (टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल) बाहेरचा व्हॉल्व्ह सैल सोडते. आणि लघवी वाढवणारी गोळी (हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, टॉरसेमाइड, फ्युरोसेमाइड) विहिरीतलं पाणीच उपसते. येणं कमी, जाणं मोकळं, विहिरीला तळ. गेज शून्याकडे. लघवी कमी होते, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा कचरा) चढतं, आणि यात दुखत काहीच नाही.

गंमत म्हणजे यातल्या दोन गोळ्या अनेकांच्या एकाच बीपीच्या गोळीत असतात. टेल्मिसार्टनच्या ब्रँडपुढे 'एच' किंवा 'सीएच' असेल तर बहुधा आत लघवीचं औषधही आहे. म्हणजे माणूस म्हणतो "मला बीपीची एकच गोळी आहे", आणि तिसरं औषध तो स्वतः मेडिकलमधून उचलतो.

तरुण, निरोगी, पाणी भरपूर पिणाऱ्या माणसात मोटार जोरात असते, आतला व्हॉल्व्ह उघडा ठेवायला प्रोस्टाग्लँडिनची फारशी गरजच पडत नाही. त्यामुळे "मी तर कॉलेजपासून खातोय, काही झालं नाही" हे त्याचं म्हणणं खोटं नसतं. ते त्याच्या आईला लागू पडत नाही, एवढंच. शिवाय तोही एखाद्या दिवशी कोरडा पडतो: जुलाब-उलट्या झाल्या, निर्जळी उपवास धरला, एप्रिलच्या उन्हात दिवसभर डोक्यावर क्रेट वाहिले.

चैत्रात धुळे-जळगावाकडून वणीच्या सप्तशृंगी गडावर चालत येणाऱ्यांचं हेच होतं. ऊन चाळिशीला टेकलेलं, पोटात उपवासाचं काहीतरी, पाणी जेमतेम, आणि गडाच्या पायऱ्यांआधी गुडघ्यांसाठी एक गोळी. श्रावणात त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीच्या फेरीत ऊन नसतं, पण रिकामं पोट आणि रात्रभरची चाल असतेच. अशा दिवशी बीपी किंवा मधुमेहाचं औषध चालू असलेल्यांनी सूज उतरवणारी गोळी घेऊच नये. दुखलं तर पॅरासिटामॉल ६५०, सहा तासांच्या अंतराने, दिवसात तीन. काठी घ्या, कारण गुडघा खरा कुरकुरतो तो उतरताना. गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली २०१८ पासून चालू आहे. तिच्यात बसल्याने देवी रागावत नाही.

जुलाब, उलट्या किंवा ताप येऊन खाणं-पिणं तुटलं की गुडघ्याची गोळी त्याच दिवशी बंद. बीपीची गोळी आणि मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी त्या दोन-तीन दिवसांत चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. वेळेत थांबवलं तर चढलेलं क्रिएटिनिन बहुतेकदा उतरतं. आधीच किडनी अधू असेल, अहवालात ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल, तर ही गोळी तुमच्यासाठी नाहीच. ३० ते ६० च्या मध्ये असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच आणि तेवढेच दिवस.

डायक्लोफिनॅक किडनीचं काय करू शकतं याचा पुरावा हवा असेल तर नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांकडे बघा. तिथे आजही गिधाडं दिसतात, पण भारतभर १९९० नंतर ती झपाट्याने नाहीशी झाली. जनावरांना दुखण्यासाठी दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि किडनी निकामी होऊन ती मरत. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं, २०२३ मध्ये ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनही. माणूस गिधाड नाही, त्याचं शरीर हे औषध बऱ्यापैकी पचवतं. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात म्हणून २०१५ पासून डायक्लोफिनॅकची सुई ३ मिलिलिटरच्या एका डोसच्या कुपीतच विकायची असा नियम आहे, हे बऱ्याच मेडिकलवाल्यांनाही आठवत नाही.

हृदयाचं थोडक्यात. ही औषधं मीठ-पाणी शरीरात अडकवतात, बीपी थोडं वर नेतात, बीपीच्या गोळीची ताकद कमी करतात. हार्ट फेल्युअर (हृदयाची ताकद कमी पडणं) असेल तर टाळायचीच. हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा स्टेंट झालेल्यांनी डायक्लोफिनॅक आणि इटोरिकॉक्सिब घेऊ नये. बीपी सतत १४०/९० च्या वर असेल तोवर इटोरिकॉक्सिब नकोच. नेप्रोक्सेनचा हृदयाला धोका त्यातल्या त्यात कमी, पण पोटाला जास्त. "पोटाला सोसणारी" म्हणून इटोरिकॉक्सिब दिली जाते, ते अर्धं खरं आहे: पोटाला सोसते, किडनीला आणि बीपीला नाही.

इथे एक फसवी गोष्ट. बीपीच्या अम्लोडिपिनने घोट्याभोवती सूज येते. बोट दाबलं की खड्डा पडतो, संध्याकाळी वाढते, रात्री पाय वर ठेवून झोपलं की उतरते. ही सांध्याची सूज नाही. पण ती सांध्याची समजून लोक महिनोन्‌महिने पेनकिलर खातात, त्याने आणखी पाणी साचतं आणि सूज वाढते.

आधी जेल, आणि पुरेसं जेल

गुडघा आणि हाताची बोटं कातडीच्या जवळ आहेत. झिजेच्या दुखण्यात तिथे डायक्लोफिनॅकचं जेल गोळीच्या आधी वापरून बघावं. रक्तात जाणारं औषध गोळीच्या तुलनेत सहा टक्क्यांच्या आसपास असतं. खुबा मांसाच्या फार खाली आहे, तिथे जेल चोळून उपयोग नाही.

"जेल लावलं, काही फरक नाही" म्हणणाऱ्यांना विचारा, किती लावलं? उत्तर असतं, हरभऱ्याएवढं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, रेघेपासून टोकापर्यंत पिळलेली एक पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एका गुडघ्याला एका वेळी २ ते ४ ग्रॅम लागतं, म्हणजे अशा चार ते आठ पट्ट्या, दिवसातून तीन-चार वेळा. चार ग्रॅम चार वेळा लावलं तर ३० ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला दोन दिवसांत संपते. दोन ग्रॅम तीन वेळा लावलं तर पाच दिवस. ट्यूब महिनाभर पुरत असेल तर तुम्ही जेल वापरलेलंच नाही. खर्च वाढतो, म्हणून जनऔषधी केंद्रात भाव विचारा. १.१६ टक्के आणि १ टक्का असे दोन आकडे दिसले तर गोंधळू नका, औषधाच्या क्षाराचा ('सॉल्ट'चा) प्रकार वेगळा, ताकद तीच.

गुडघ्याच्या वाटीवरच नाही, दोन्ही बाजूंना आणि मागेही लावा. हळू पसरवा, रगडू नका. नंतर हात धुवा (हातालाच लावलं असेल तर तासभर थांबून), तासभर अंघोळ नको, वर गरम पिशवी नको, घट्ट पट्टी नको. शेकायचं असेल तर आधी शेका, कातडी थंड होऊ द्या, मग जेल. फुटलेल्या कातडीवर नाही. बागेत उन्हात काम असेल तर लावलेला भाग झाका. दोन आठवडे नेमाने लावून मग ठरवा. सोबत पोटातून गोळी चालू असेल तर जेलची बेरीज त्यात धरायची.

बऱ्याच ट्यूबांमध्ये मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असतं. तो गरम-गार झणका म्हणजे औषध लागू पडलं असं नव्हे. वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम घेणाऱ्यांनी मिथाइल सॅलिसिलेटची मलमं भरपूर चोळू नयेत, त्याने रक्त आणखी पातळ होतं.

गोळी घ्यायचीच तर

आधी सांधा बघा. झिजेचा गुडघा सकाळी पाच-दहा मिनिटं, फार तर अर्धा तास आखडलेला असतो आणि चाललं की सैल होतो. निफाडचा पारा खाली गेला की जरा जास्त. पण सकाळी तासाच्या वर बोटं मिटत नसतील, दोन्ही हातांची बोटं सुजत असतील, आणि असं सहा आठवडे चाललं असेल तर तो आमवात असू शकतो. तिथे पेनकिलर नुसतं दुखणं झाकते, सांधा खाल्ला जायचा थांबत नाही. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांध्यांच्या आजारांच्या डॉक्टरांकडे जा. त्यांनी मेथोट्रेक्सेट दिलं तर ते आठवड्यातून एकदाच असतं. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, म्हणून वार ठरवून डबीवर लिहून ठेवा.

एकच सांधा अचानक लाल, गरम, हात लावू देत नाही आणि सोबत ताप असेल तर गोळी घेऊन झोपू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल. सांध्यात पू झालेला असू शकतो आणि तो काही दिवसांत सांधा कायमचा खराब करतो.

पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी एकत्र आली तर डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, त्यात या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. चिकुनगुनियाचे सांधे महिनोन्‌महिने छळतात, २००६ च्या साथीत महाराष्ट्राने ते पाहिलंय. पण त्यातही पहिल्या दिवसांत हाच नियम.

वर सांगितलेल्यातलं काहीच तुम्हाला लागू नसेल, दमा नसेल (काही दमेकऱ्यांना एका गोळीने झटका येतो), आणि गरोदर नसाल (विसाव्या आठवड्यानंतर तर नाहीच), तर थोड्या दिवसांसाठी आयब्युप्रोफेन ४०० जेवणानंतर. डॉक्टरांशिवाय दिवसाला १२०० च्या वर नाही. डायक्लोफिनॅकची दिवसाची मर्यादा १५० मिलिग्रॅम, ॲसिक्लोफिनॅकची २००, म्हणजे १०० च्या दोनच. इटोरिकॉक्सिब १२० ची गोळी फक्त गाउटच्या झटक्यासाठी, जास्तीत जास्त ८ दिवस. ती गुडघ्याला रोज खायची नसते.

पूर्ण पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, अन्ननलिकेत अडकली तर तिथेच जखम करते. 'एसआर' (हळूहळू विरघळणारी) लिहिलेली किंवा कोटिंगची गोळी मोडायची नाही, कुटायची नाही. दुखणं तासाभरात कमी होतं, पण सूज उतरायला नेमाने एक-दोन आठवडे लागतात. म्हणून झिजेच्या गुडघ्याला लागेल तेव्हाच घेतलेली बरी, आणि आमवात, गाउटला डॉक्टर सांगतील तितके दिवस नेमाने. स्वतःच्या मनाने पाच-सात दिवसांच्या पुढे नको. महिन्याच्या वर चालणार असेल तर सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत बीपी आणि क्रिएटिनिन, नंतर दर तीन ते सहा महिन्यांनी, सोबत हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन हळूहळू उतरत असेल तर पोटातून रक्त झिरपतंय का, हे बघावं लागतं.

दुकानात असं विचारा: "भाऊ, टेल्मिसार्टन आणि साखरेची चालू आहे, ही चालेल का?" या एका वाक्याने निम्मे घोळ टळतात.

पुडी

बाजाराच्या दिवशी, जत्रेत किंवा कोणाच्या तरी ओळखीने मिळणारी 'वाताची पुडी' किंवा बिननावाच्या बारीक गोळ्या दोन दिवसांत गुडघा मोकळा करतात, भूक वाढवतात, अंगात तरतरी आणतात. इतकं झटपट काम जडीबुटी करत नाही. अशा पुड्यांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड, कधी सोबत डायक्लोफिनॅकही मिसळलेलं सापडतं. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, पोट सुटतं, साखर चढते, कातडी पातळ होऊन जरा लागलं की निळं पडतं. दोन्ही एकत्र असली तर अल्सरचा धोका कितीतरी पट.

आणि ही पुडी एकदम बंद करता येत नाही. साधी पेनकिलर आज थांबवली तर फार तर गुडघा दुखेल. स्टेरॉइड महिनोन्‌महिने घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं सोडून देतं. अचानक थांबवलं तर बीपी पडतं, उलट्या होतात, माणूस कोसळतो. म्हणून पुडी कोणी देऊ केली तर घेऊ नका, आणि घेत असाल तर उरलेली फेकू नका. ती सोबत घेऊन फिजिशियनकडे जा. स्टेरॉइड ते हळूहळू उतरवतील. ओरडतील या भीतीने लपवणारे पुढे जास्त अडकतात.

दाताच्या डॉक्टरांनाही गुडघ्याच्या गोळीचं नाव सांगायला विसरू नका. दाढ काढल्यावर ते सूज उतरवणारी गोळी देणारच, आणि ती बहुधा याच घराण्यातली असते. ते चार दिवस गुडघ्याची बंद ठेवा. दाढेसाठी दिलेली गोळी गुडघ्यावरही काम करते, तिला जागा कुठली ते माहीत नसतं.